अंडी फोडण्याआधी

सेलरीची जुडी पिशवीत घालता घालता व्हर्लीनला कळलं, की यंदा थँक्सगिव्हिंगचं ड्रेसिंग, टर्कीसोबतचा कुस्करलेल्या मक्याच्या ब्रेडचा तो पदार्थ, तिनं करायचं नाहीये. सांगितलं सिस्टर अल्फ्रेडानं. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारी ही बाई. कुणाच्या घरी काय शिजतंय ते त्या घरातल्या माणसांच्या आधी हिला कळतं. "अगं, तू कशाला सेलरी घेतेस?" ती म्हणाली. "यंदा तुझी भावजय करतेय ना? तुझ्या आईनंच, मिस ओझेलांनी, सांगितलं फोनवर. मी म्हटलं, अहो, कोरिन्थिया डेट्रॉईटची, उत्तरेकडची, ती मक्याच्या ब्रेडमध्ये साखर घालेल! तर म्हणतात कशा, घालू दे." व्हर्लीन हसली. "हो, माहीत आहे की. ही सूपसाठी घेतेय," म्हणाली. मग सूपसाठी एवढी सेलरी कोण घेतं म्हणून दोन जुड्या परत ठेवल्या, आणि आणखी एकदा हसली. दुकानात उद्याच्या सणाची झुंबड होती. रताळी संपली होती, कुणीतरी शेवटच्या लोण्यावरून भांडत होतं, आणि व्हर्लीन, वय वर्षं अठ्ठावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीण, हातातल्या सेलरीकडे ती कुणा दुसऱ्याची असावी तशी बघत उभी होती.

गाडीत बसली तरी किल्ली फिरवावीशी वाटेना. राग नेमका कशाचा, हे शोधत राहिली. आई दिवसभर घरात समोर बसलेली असते आणि ही बातमी भाजीच्या फळ्यांपाशी कळावी, याचा राग होताच. पण जास्त बोचत होतं ते 'घालू दे'. ओझेला टॉलिव्हरनं साखरेला 'घालू दे' म्हणावं? एकदा चर्चच्या जेवणात कुणाच्या तरी ड्रेसिंगचा पहिला घास घेऊन आईनं चमचा खाली ठेवला होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "केक करायचा असेल तर बायांनो केक करावा." ती बाई पुढं दोन वर्षं आईशी बोलली नाही. टर्की कुणीही भाजावी, रताळ्याची पाई कुणीही लाटावी, त्याचं काही नाही. पण ड्रेसिंगचं ताट समोर आलं की माणसं वाढून घेण्याआधी विचारतात, कुणी केलंय? नाव ऐकून मग चमचा बुडवायचा की नाही ते ठरवतात. या घरात ते आजीकडून आईकडे आलं आणि आईची मनगटं ब्रेड कुस्करताना दुखायला लागली तेव्हा व्हर्लीनकडे. त्या दिवशी आईनं नुसतं मोठं पातेलं तिच्यापुढं सरकवलं होतं. लग्नात बोटात अंगठी घातली तेव्हा काय वाटलं ते आता आठवत नाही, पण ते सरकवलेलं पातेलं आठवतं.

आणि आता ते कोरिन्थियाकडे. का? शिक्षा असेल तर कशाची? रविवारी तिचा भाऊ लिनवुड आईला अटलांटाला घेऊन जाणार होता. त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली ठरली होती, खिडकीबाहेर झाड आहे म्हणे. हे सगळं सुरू झालं ते मागच्या थँक्सगिव्हिंगपासूनच. ड्रेसिंग व्हर्लीननंच केलं होतं. पहिले घास गेले, आणि टेबलाभोवती एकेक जण खाकरायला लागला. लिनवुड खोकला, त्याची मुलं खोकली, पाद्रीसाहेब रुमालात तोंड खुपसून बाहेर ओट्यावर गेले. घशात बारीक लव अडकावी तसं काहीतरी. मग आईनं आपल्या ताटातलं थोडं चिमटीत घेऊन नाकाशी धरलं, आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "माझंच चुकलं. सेज म्हणून खोकल्याच्या पाल्याची बरणी मी काढून दिली पोरीला. काय झालंय मला हल्ली, डोकंच चालत नाही." ड्रेसिंगला वास देणारा सेज आणि काढ्याचा तो पाला, दोन्ही परसातले, दोन्ही आईनं स्वतः वाळवून चुरलेले, राखाडी-हिरवे, पिंजलेल्या लोकरीसारखे मऊ. बरण्यांवर आईनं कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत, चेहऱ्यावर नाक असताना चिठ्ठ्या कशाला, असं तिचं म्हणणं. लिनवुडनं आईचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते व्हर्लीनला तेव्हाच आवडलं नव्हतं. मायाच होती ती, पण आता काहीतरी ठरवायला लागणार अशी माया. पुढं वर्षभर फोनवर तो हळूहळू बोलत राहिला, आज पाला चुकला, उद्या गोळ्या चुकतील, आणि आई एकदाही भांडली नाही. यावर व्हर्लीननं विश्वास ठेवला होता. आईचं वय झालं, म्हणून ती रडलीसुद्धा होती.

तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही, की ती बरणी तिच्याही हातातून गेली होती, तिनंही ती उघडून नाकाजवळ नेली होती, सवयीनं. काही आलं नव्हतं. काहीच येत नव्हतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एक ताप आला, बरा झाला, आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. तिनं वाट पाहिली. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी यायचं पण कांदा यायचा नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम आणि कडू. मीठ कळायचं, साखर कळायची, पण त्यांच्या पलीकडचं जे सगळं जग होतं ते कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं गेलं होतं. शाळेत ती मापावर आणि घड्याळावर रांधू लागली. दूध नासलंय का हे हाताखालच्या बाईला सहज विचारल्यासारखं विचारायची, "बघ गं, तुला कसं वाटतं?" आपल्या अंगाला वास येत असेल या भीतीनं दिवसातून दोनदा आंघोळ करायची. नवरा, ऑर्व्हिल, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचं कामावरचं जाकीट कपाटात होतं, कधीमधी ती त्यात तोंड खुपसायची. आता ते नुसतं जाड कापड होतं. ऑर्व्हिल दुसऱ्यांदा गेला असं तिला वाटलं होतं, आणि हे बोलायला कुणी नव्हतं. शाळेत कळलं तर चुलीपाशी उभं करणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. करूही नये, हेही कधी कधी मनात यायचं, तेव्हा ती रेडिओ मोठा करायची.

घरी आली तर आई स्वयंपाकघरात. फळीवरच्या बरण्या टेबलावर मांडून पुसत होती. चष्मा कपाळावर. डोळे खिडकीकडे, शेजाऱ्याचं कुत्रं बघत होती, आणि हात आपले झाकणं उघडत होते. "तमालपत्र," आई स्वतःशीच म्हणाली. "हा खोकल्याचा. हाही खोकल्याचा, पण गेल्या सालचा, दम गेलाय. हा सेज. बाई, किती छान झालाय यंदा." न बघता. व्हर्लीन पिशवी हातात धरून दारात उभी राहिली. तिच्या आत काहीतरी अगदी शांतपणे जागचं हललं. या बाईची बरणी चुकली? ही बाई झोपेतसुद्धा चुकणार नाही. आणि मग गेल्या वर्षीची, सणाच्या आदल्या दिवसाची ती बुधवारची सकाळ तिला दिसली. आईला त्या आठवड्यात खोकला होता. आई बिछान्यावर होती, स्वयंपाकघरात आलीच नव्हती. काढा कोण करून देत होतं? खोकल्याच्या पाल्याची बरणी फळीवरून काढून ओट्यावर कोणी ठेवली होती? टेबलावर आईनं 'मी काढून दिली' म्हटलं, आणि सगळ्यांबरोबर व्हर्लीनलाही ते खरंच वाटलं, इतक्या सहज आई ते बोलली होती.

"आई," ती म्हणाली, "ती बरणी तू नव्हती काढलीस."

"कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली. काढ्यासाठी मीच काढली होती. तू झोपून होतीस."

आईनं बरणीचं झाकण नीट लावलं. चष्मा खाली घेतला. "सेलरी एवढीशीच आणलीस?"

"मग का सांगितलंस तसं?"

"सगळे खोकत होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवंच होतं." आई खुर्चीवर बसली. "आणि हे बघ, मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बीन्सचा कोळसा झाला, आणि तू शेजारच्या खोलीत बसून पडद्याला टाके घालत होतीस. गाणं म्हणत! मी परसातून धावत आले. धावत, या गुडघ्यांनी. दाराशी उभं राहून तुझ्याकडं बघितलं आणि समजले."

"मला बोलली नाहीस."

"तू बोललीस मला?" आई म्हणाली. मग आवाज खाली आला. "म्हातारी विसरली म्हटलं की लोक हळहळतात, वर पाईचा मोठा तुकडा आणून देतात. शाळेतल्या मुख्य स्वयंपाकिणीला वास येत नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवतात. मी एवढंच बघितलं. त्यात काय मोठंसं."

"ते तुला घेऊन चाललेत, आई. घरातून."

"तिथं झाड आहे."

"तुला झाड नकोय!"

"मला काय हवंय ते मी ठरवते," ओझेला म्हणाली, अगदी पूर्वीच्या आवाजात. "ड्रेसिंग कोरिन्थिया करेल. पुन्हा काही झालं तर निस्तरायला मी पुढच्या वर्षी इथं नसणार, म्हणून आत्तापासूनच तिच्याकडे गेलेलं बरं. साखर तर साखर. साखरेनं कुणी खोकत नाही. आणि तू तोंड उघडायचं नाहीस. कळलं?" तिनं हात पुढं करून समोर येऊन बसलेल्या व्हर्लीनच्या गालावर ठेवला. त्या हाताला पावडरीचा, गुडघ्यांच्या मलमाचा आणि केसांच्या तेलाचा वास असणार होता. व्हर्लीन तो लहानपणापासून ओळखत होती, गर्दीतसुद्धा त्या वासाच्या मागं मागं चालायची. आता हात होता. गरम, खरखरीत. रविवारनंतर तोही नाही, आणि घरात आईचा वास मागं राहिला तर तिला तो कळणार नाही. आपण किती गमावलंय हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट समजलं, आणि तिला इतकं दुःख झालं की ती उठून सेलरी धुवायला लागली.

दुपारी लिनवुड आणि कोरिन्थिया आले. गाडीतून टर्की, खुर्च्या, बाटल्या, आणि कोरिन्थियाची झाकलेली ताटं. ब्रेड ती घरूनच भाजून आली होती, आणि स्वभावानं ती वाईट नव्हती, उलट घरात शिरली की घर जरा जास्तच जागं व्हायचं. "बोला, साखरेबद्दल कुणाला काय बोलायचंय ते आत्ताच बोलून घ्या," ती बाह्या सारत म्हणाली, "उद्या ताटावर बसून मी ऐकणार नाही." लिनवुड म्हणाला, "मी वीस वर्षं ऐकून घेतोय, आता काय बोलणार." आई हसली. व्हर्लीननं कांदा आणि सेलरी लोण्यात परतून दिली. तव्यावरचा आवाज बदलला की कांदा झाला, हे ती हल्ली कानांनी ओळखायची. टर्कीच्या मानेचं आणि काळजाचं उकळून ठेवलेलं पाणी आईनं गाळून दिलं. कोरिन्थियानं पातेल्यात ब्रेड कुस्करला, पिवळा, जरा जास्तच पिवळा, त्यावर रस्सा ओतला, कांदा घातला, सेजची बरणी आईनं तिच्या हातात दिली. व्हर्लीन बघत होती. या घरात तिनं या पातेल्यात हात घातला नाही असा हा पहिला सण. सिंकपाशी उभं राहून तिनं आपले हात पुसले, पुन्हा पुसले. मनात एकच चालू होतं, रविवारी आई गाडीत बसेल, मागं वळून बघणार नाही, कारण वळून बघितलं तर मी बोलून जाईन हे तिला माहीत आहे. आणि मी सोमवारी शाळेत जाऊन मापानं बीन्स शिजवीन.

अंडी घालायच्या आधी चाखायचं असतं. अंडी पडली की मग काही बदलता येत नाही, कच्चं कुणी तोंडात घालत नाही आणि भट्टीत जाईल तसं जाईल. ही चव नेहमी दोघांनी घ्यायची, करणाऱ्यानं आणि घरातल्या ज्याच्यावर भरवसा असेल त्यानं. कोरिन्थियानं चमचाभर उचललं, स्वतः चाखलं, दुसरा चमचा भरला आणि अगदी मोकळ्या मनानं व्हर्लीनपुढं धरला. "घे. तूच सांग. तुझं होतं हे, मला माहीत आहे. सेज कमी वाटतोय का?"

"इकडे दे, मी बघते," आई घाईनं म्हणाली.

पण व्हर्लीननं चमचा घेतला होता. जिभेवर ओलं, कोमट, रवाळ काहीतरी आलं. मीठ. लोण्याचा गुळगुळीतपणा. गोड. त्याच्या पलीकडे काही नाही. "मला कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला वास येत नाही. दोन वर्षं होत आली. गेल्या वर्षी तो पाला मी घातला, लिनवुड. बरणीही मीच काढली होती. आई तेव्हा बिछान्यावर होती. तिनं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर छप्पर कोसळेल. लिनवुडनं हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली आणि तिच्याकडं फार प्रेमानं बघितलं. "व्हर्लीन," तो म्हणाला, "मला हे करायला आवडतंय असं वाटतं का तुला?"

"मी खोटं बोलत नाहीये!"

"ती जाऊ नये म्हणून तू काहीही बोलशील. मी तुझ्या जागी असतो तर मीही बोललो असतो."

"तुला काय वाटतं, कुणी असं सोंग करेल?"

"मायेपोटी? करेल की," आई म्हणाली. मान खाली, ब्रेडचा एक तुकडा टेबलावरून उचलून ती तो चुरत होती. "ती लहानपणापासून तशीच आहे."

व्हर्लीन थक्क होऊन आईकडं बघत राहिली. येत नसलेला वास दाखवायचा कसा? पाय मोडला तर दिसतो, डोळा गेला तर दिसतो. नाक तर चेहऱ्यावर तसंच्या तसं आहे. मग तिला सुचलं. "मला नको तपासू. तिला तपास," ती म्हणाली. "तिचं डोकं गेलंय ना? ठेवा बरण्या समोर. चष्म्याशिवाय. सांगू दे तिला कुठली कशाची. सकाळी ती न बघता सांगत होती, मी इथं दारात उभी होते." लिनवुड नको म्हणत होता, आईचा असा पाणउतारा कशाला. पण कोरिन्थियानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि तीन बरण्या उघडून आईपुढं मांडल्या. "आई, सेज कुठला तेवढं सांगा," ती म्हणाली. "एकदाच."

ओझेलानं एकेक बरणी नाकाशी नेली. वेळ घेतला. तिसरी खाली ठेवून पुन्हा पहिली उचलली. व्हर्लीनचे डोळे तिच्या हातांवर, आणि मनात नुसतं, सांग, आई, सांग. मग आईनं एक बरणी पुढं केली. "हा सेज," ती म्हणाली. व्हर्लीननं श्वास सोडला. तिला तिन्ही बरण्या सारख्याच, राखाडी, हिरव्या, मऊ. क्षणभर तिला वाटलं सगळं मिटलं, आई राहिली. मग तिनं कोरिन्थियाचा चेहरा पाहिला. कोरिन्थियानं हात तोंडावर नेला होता. लिनवुडनं ती बरणी आईच्या हातातून काढून घेतली, वास घेतला, आणि झाकण फिरवायला लागला. आई व्हर्लीनकडं बघत होती, अगदी लख्ख डोळ्यांनी. आता पुरे, पोरी, असं त्या डोळ्यांत होतं.

"झालं," लिनवुड म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "आता हा विषय नको. सण आहे."

कोरिन्थियानं यंत्रासारखं एक अंडं उचललं. व्हर्लीननं ॲप्रनच्या खिशातून फोन काढला. तिनं ते ठरवलं असं म्हणता येणार नाही, हातच गेला. घरातल्यांना आता काही पटणार नव्हतं, हे तिला समजलं होतं. माणूस दुसऱ्यासाठी सोंग करतो, पण ज्यावर आपलं पोट आहे ते सोंगापायी कोणी फेकून देत नाही. तिनं शाळेच्या स्वयंपाकघराच्या मोठ्या बाईंचा, मिसेस पेटीफोर्डचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. घंटी वाजायला लागली.

"कुणाला लावतेस?" लिनवुडनं विचारलं.

"पेटीफोर्डबाईंना. सांगते की मला चुलीपाशी ठेवू नका."

"व्हर्लीन." आई खुर्चीतून उठली. "ठेव तो फोन."

घंटी वाजतच होती.

"ठेव म्हणते ना! अगं, नोकरी जाईल तुझी! लिनवुड, घे तिच्या हातातून!" आई टेबलाला धरून उभी होती. "मुद्दाम उचलली मी ती, मुद्दाम! तो खोकल्याचा आहे, गेल्या सालचा. सेज तिकडचा, तुझ्या कोपराजवळचा. आणि कोरिन्थिया, तू पातेल्यात बाजारचा सेज घातलायस वरनं, घरचा पुरेना म्हणून, मला इथनं येतोय त्याचा वास! डोळे बांधा माझे आणि विचारा काय विचारायचं ते! खोटं बोलले मी, गेल्या वर्षीही खोटं बोलले! आता तरी ठेव गं फोन!"

कोरिन्थिया हळूच म्हणाली, "घातलाय मी बाजारचा. गाडीतल्या पुडीतला. कुणाला सांगितलं नव्हतं." लिनवुड आईकडं बघत होता, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या नजरेत ती ठरवायची माया नव्हती. लहानपणी मार खायच्या आधी तो असाच दिसायचा.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. मागं मुलं ओरडत होती, भांडी वाजत होती. "व्हर्लीन? सणाच्या आदल्या दिवशी? सगळं ठीक आहे ना?"

अंगठा लाल खुणेवर होता. हवं होतं ते मिळालं होतं. आता सणाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. आई राहिली असती, नोकरी राहिली असती. सोमवारी पुन्हा ती हाताखालच्या बाईला म्हणाली असती, बघ गं, तुला कसं वाटतं. आणि एक दिवस काहीतरी नासलेलं त्या मुलांच्या ताटात गेलं असतं, आणि आई तिथं स्वतःवर घ्यायला नसती. आई मान हलवत होती, नको, नको, तिचे डोळे भरून आले होते. आईला रडताना व्हर्लीननं वडील गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

"बस, आई," व्हर्लीन म्हणाली. "खुर्ची आहे मागं. बस." मग तिनं फोन तोंडाजवळ घेतला. "हो, मिसेस पेटीफोर्ड, मीच बोलतेय. तुम्हाला एक सांगायचं होतं. खूप आधी सांगायला हवं होतं."